पौषातला उकाडा

रात्री अडीचच्या सुमारास मला जाग आली ती दाराच्या कडीच्या आवाजानं. जानेवारीचा दुसरा आठवडा. आमच्याकडे पौषात पहाटेच्या वेळी पितळी गुंडाला हात लावला तर चटका बसावा इतका तो गार असतो. मी शाल गुंडाळून बाहेर आले. बाबा ओट्यावर बसले होते. अंगात फक्त बनियान. पायाशी गोधडी, तीसुद्धा भिरकावल्यासारखी. अंगणातल्या शेकोटीतल्या पऱ्हाट्यांची राख कधीच विझली होती, आणि बाबा हातातल्या जुन्या वहीच्या पुठ्ठ्यानं स्वतःला वारा घालत होते. मी म्हटलं, बाबा, अशा थंडीत? तर म्हणाले, "लय उकडून रायलं माय. तू झोप जाऊन." मी त्यांच्या खांद्याला हात लावला. खांदा ओलसर होता, कोमट. आणि मी काय म्हटलं असेल? "तुमच्या नसा मोकळ्या झाल्या ना आता, बाबा. रक्त धावायला लागलं." ते हसले. मीही हसून आत जाऊन झोपले.

त्या वाक्याचा मला अजून राग येतो.

दिवाळी होऊन चार दिवस झाले होते, कापसाची दुसरी वेचणी सुरू होती, तेव्हा बाबांच्या छातीत कळ आली. वेचणाऱ्या बायांनी त्यांना बांधावरच्या बाभळीखाली टेकवलं, कुणीतरी मोटरसायकलवर मधे बसवून दर्यापूरला आणलं, तिथल्या ईसीजीवरून पुढे अमरावती. मी अकोल्याहून पोचेपर्यंत मनगटातून नळी घालून दोन स्टेंट बसलेसुद्धा. आमच्याकडे स्टेंट म्हणत नाहीत, 'छल्ले टाकले' म्हणतात. रेशनकार्ड पाहून फुले योजनेत सगळं बसलं, त्यामुळे खर्चाची चिंताही अर्धी कमी झाली. बाबा शुद्धीतच होते सगळा वेळ. नंतर भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ते एकच गोष्ट सांगत: "टीव्हीवर माह्या काळजाच्या नसा दिसून रायल्या होत्या, तुरीच्या झाडावानी. त्यायनं डाय टाकला का आंगात गरम गरम लाट जाये, अन् तोंडाले लोखंडाची चव." ऐकणारा प्रत्येक जण 'लोखंडाची?' असं विचारी, आणि बाबा खुश होत.

त्या डायबद्दल, म्हणजे नसा दिसाव्यात म्हणून सोडलेल्या औषधाबद्दल, आम्हाला भीती होती ती एकाच गोष्टीची. किडनीची. आमचं गाव पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात येतं. विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही, साबणाला फेस येत नाही, डाळ शिजत नाही, आणि किडनीनं गेलेलं माणूस आठवायला फार लांब जावं लागत नाही. माझे थोरले मामा तसेच गेले. त्यामुळे दवाखान्यात आम्ही भावंडं किडनीचं काम दाखवणाऱ्या क्रिएटिनिन या शब्दाला चिकटून बसलो होतो. आधी किती, नंतर किती, सलाइन किती तास. शेजारच्या खाटेवरचा अंजनगावकडचा माणूसही तेच विचारत होता. आधी १.१ होतं, दोन दिवसांनी १.२. आम्ही सुटकेचा श्वास टाकला. डाय अंगातून गेला, काम करून गेला, पाहुण्यासारखा. गळ्याचा विचार कुणाच्या मनात आला नाही. येणार तरी कसा? छातीच्या दुखण्यात गळा कशाला मधे येईल?

गळा मात्र होता. कायमच होता. बाबांच्या कंठाच्या मण्याखाली डाव्या बाजूला एक उंचवटा, बोरापेक्षा मोठा, लिंबापेक्षा लहान. लहानपणी मी त्यांच्या मांडीवर बसून तो बोटानं दाबायचे आणि ते गिळल्याचं सोंग करून तो खालीवर हलवून दाखवायचे. तो आमचा खेळ होता. आजीलाही तसाच होता, तिचा तर लांबून दिसायचा, पदराखाली. बाबांचा दुपट्ट्याखाली. घराण्यात कुणाला टक्कल असतं, कुणाला घारे डोळे असतात, तसं आमच्याकडे ते होतं. गलगंड हा शब्द मी शाळेच्या पुस्तकात वाचला, परीक्षेत 'आयोडीनच्या अभावामुळे होणारा रोग' असं लिहून गुणही मिळवले, आणि तरी त्या शब्दाचा बाबांच्या गळ्याशी काही संबंध असेल असं मला वाटलं नाही. पुस्तकातल्या चित्रात हिमालयाच्या पायथ्याची बाई होती. आमच्याकडे तर पाण्यातच मीठ, मग मिठातल्या कशाची कमतरता असणार? खारट असणं आणि आयोडीन असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मला चव्वेचाळिसाव्या वर्षी कळलं.

नोव्हेंबर-डिसेंबर चांगले गेले. म्हणजे आम्हाला चांगले वाटले. बाबा तरतरीत दिसायला लागले. पहाटे चारला उठून बसत. रानडुकरांच्या जागलीला स्वतः जातो म्हणून भावाशी भांडत. एका भाकरीचा माणूस तीन भाकरी खायला लागला, वर आंबाडीच्या भाजीची वाटी पुसून घेई. गावात लोक म्हणत, "बुवाचं इंजिन नवं बसवलं अमरावतीवाल्यायनं." मी त्यांचा भाकर खातानाचा फोटो भावकीच्या ग्रुपवर टाकला होता. खाली नमस्काराचे किती हात आले होते! आज तो फोटो मोठा करून पाहिला की मला दिसतं: सदऱ्याची कॉलर मानेभोवती सैल झालेली आहे, आणि गालाची हाडं वर आलेली आहेत. तेव्हाही ते फोटोत होतंच. एका महिन्याच्या तपासणीत वजन दोन किलो कमी भरलं, तर तेही चांगलंच झालं, तेल-तूप बंद केल्याचा गुण, असं आम्हीच डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी मान डोलावली. बाहेर शंभर माणसं बसलेली होती.

आईला पटत नव्हतं. आई शिकलेली नाही, पण पन्नास वर्षं एका माणसाच्या ताटात वाढते आहे. ती चुलीपाशी बसून मला हळूच म्हणाली, "खातेत तीन भाकरी अन् सदरा त लोंबून रायला. हे लक्षण मले बरं नाई वाटत." मी म्हटलं, आई, तुला काय सगळ्यातच वाईट दिसतं. मग तिनं तिच्या परीनं उपाय केला. संध्याकाळी दिवा लावल्यावर खडे मीठ, मोहऱ्या आणि सुक्या मिरच्या मुठीत घेऊन बाबांवरून सात वेळा उतरवलं आणि चुलीत टाकलं. मिरच्यांचा ठसका आला नाही म्हणजे नजर खरी, असा हिशेब. ठसका आला नाही म्हणे. मला तर सगळ्या घरात खोकत फिरल्याचं आठवतं.

मीठ तडतडलं मात्र खूप.

ओट्यावरच्या त्या रात्रीनंतर आठच दिवसांनी भावाचा फोन आला. बाबा चहा पिताना बशी हातात धरू शकत नाहीत, चहा सांडतो, आणि छातीत फडफडतं म्हणतात. आम्हाला एकच सुचलं: छल्ला बंद पडला. मी बँकेतून तशीच निघाले. तालुक्याच्या एका फिजिशियनबाईंकडे आधी ईसीजी काढू आणि मग अमरावतीला पळू, असं ठरलं होतं. ईसीजीत ठोके जलद होते, बाकी काही नवीन नव्हतं. रक्तातल्या हार्टच्या तपासणीतही काही नाही. मला वाटलं आता त्या गोळ्या लिहून देतील. त्या उठल्या, बाबांचा दुपट्टा स्वतःच्या हातानं काढला, पाण्याचा ग्लास दिला आणि म्हणाल्या, "घोट घ्या काका. आता गिळा." बाबांनी गिळलं. आमचा खेळ, बरोबर तसाच, उंचवटा वर गेला आणि खाली आला. "हे किती वर्षांपासून आहे?" बाबा माझ्याकडे पाहायला लागले. मी खोलीतल्या कॅलेंडरकडे.

मग त्यांनी डिस्चार्ज कार्ड मागितलं. आम्ही सगळे ज्या कागदावर फक्त गोळ्यांच्या वेळा वाचत आलो होतो, त्यावर त्यांनी बोट ठेवलं. आयोहेक्सॉल ३५०, १२० मिली. "हा तुमचा डाय. यात आयोडीन असतं म्हणूनच एक्स-रेत नसा दिसतात." एका मिलीत ३५० मिलिग्रॅम. मी बँकेत आकडे मोजणारी बाई, हिशेब तिथेच बसल्या बसल्या झाला: ४२ ग्रॅम. मोठ्या माणसाला दिवसाला आयोडीन लागतं १५० मायक्रोग्रॅम. भागाकार केला तर दोन लाख ऐंशी हजार दिवस. साडेसातशे वर्षांहून जास्त. माझा चेहरा पाहून मॅडमनी हात हलवला. तसं नाही, म्हणाल्या. ते आयोडीन औषधाच्या रेणूला घट्ट बांधलेलं असतं, किडनी चांगली असेल तर बहुतेक सगळं एका दिवसात लघवीवाटे जसंच्या तसं निघून जातं. मोकळं सुटतं ते थोडं, अशा एका मात्रेत तेरा-साडेतेरा मिलिग्रॅम धरतात. पण तेही शरीराच्या तीन महिन्यांच्या शिध्याइतकं झालं. तीन महिन्यांचा शिधा तासाभरात दारात ओतायचा, आणि अंगात भिनलेलं आयोडीन पुरतं उतरायला पुढे महिना-दोन महिने लागायचे.

बहुतेकांना याचं काही होत नाही, हे त्यांनी दोनदा सांगितलं. थायरॉईड म्हणजे गळ्यातली ही ग्रंथी, आयोडीनपासूनच ती हार्मोन बनवते. धडधाकट असेल तर असा पूर आला की स्वतःच काही दिवस दार लावून घेते, हार्मोन बनवणं थांबवते, आणि आठ-दहा दिवसांत पुन्हा कामाला लागते. १९४८ साली वुल्फ आणि चायकॉफ या दोघांनी हे उंदरांवर पाहिलं, म्हणून त्याला त्यांचंच नाव आहे. काही जणांची ग्रंथी दार लावते आणि उघडायचंच विसरते, मग ती सुस्त पडते, माणूस सुजल्यासारखा, थंड, झोपाळू होतो. आणि बाबांसारख्यांचं उलटं. आयुष्यभर आयोडीनच्या तुटीत वाढलेल्या गळ्यातल्या गाठी मेंदूचा हुकूम मानेनाशा झालेल्या असतात. कच्चा माल नव्हता म्हणून गप्प होत्या. माल आला, आणि त्या सुटल्या. हे व्हायला दोन आठवड्यांपासून तीन महिन्यांपर्यंत कितीही वेळ लागतो, त्यामुळे तोवर कुणाला अँजिओ आठवत नाही. आणि हृदयासाठीची जी गोळी बाबा रोज घेत होते, ती ठोके धरून ठेवणारी. त्या गोळीनंच निम्मी लक्षणं झाकली होती.

टीएसएच, म्हणजे थायरॉईडला मेंदूकडून येणारा कामाचा हुकूम, ग्रंथी जास्त धावली की तो घटतो. बाबांचा आला ०.०१ पेक्षा कमी. नॉर्मल साधारण ०.४ ते ४. वजन ६३चं ५६ झालेलं. अमरावतीला सोनोग्राफीत एक नाही, चार गाठी निघाल्या. थायरॉईडचा स्कॅन करायचा का विचारलं तर म्हणाले, आत्ता ग्रंथी आयोडीननं तुडुंब आहे, स्कॅनचं औषध ती घेणारच नाही, चित्र फसवेल. दोन महिने थांबा. ग्रंथीला आवर घालणारी कार्बिमाझोलची गोळी सुरू झाली. सोबत एक ताकीद, लाल पेनानं अधोरेखित: घसा दुखला, ताप आला, तर गोळी बंद करून त्याच दिवशी रक्तातल्या पांढऱ्या पेशी तपासायच्या. त्यामुळे पुढचे तीन महिने आमच्या घरात कुणी नुसतं खाकरलं तरी आई दचकायची.

बाबांना सगळ्यात जास्त कशाची लाज वाटली असेल, तर रोगाच्या नावाची. "थायरॉईड त बायायले होते," ते गाडीत म्हणाले. हार्टचं दुखणं कसं, मर्दानी, गावभर सांगण्यासारखं. लोखंडाच्या चवीची गोष्ट सांगता येते. हे काय सांगायचं? मग पारावर कुणी विचारलं की ते 'गर्मी झाली होती' एवढंच सांगत. पण घरी, भावाला समजावताना, त्यांनी जे सांगितलं ते मॅडमपेक्षा मला जास्त कळलं. "ढेपीचं पोतं उघडं राह्यलं म्हन ना. शहाना बैल दोन घास खाईन अन् तोंड फिरवीन. पन बिनयेसनीचा गोऱ्हा? तो फुगेपरेंत खाईन अन् मंग वावर तुडवत पयीन." नंतर थोडं थांबून: "पोतं उघडनाऱ्याचा दोष नाई. त्याले पोतं उघडाच लागते."

या शेवटच्या वाक्यावर मी खूप विचार केला आहे, कारण मला दोष हवा होता. अमरावतीच्या त्या रात्री बाबांना हिरवा गाऊन घातलेला होता, दुपट्टा माझ्या पिशवीत होता, गळा उघडा होता, आणि किती डॉक्टर, किती सिस्टर येऊन गेल्या. कुणी पाहिलं नाही. पण पाहून तरी काय केलं असतं? हार्ट अटॅकमधे टीएसएचचा रिपोर्ट येईस्तोवर थांबायचं नसतं, तो डाय घातला नसता तर आज हे लिहायला विषयच उरला नसता. एवढंच झालं असतं, की कार्डावर एक ओळ लिहिली गेली असती: गळ्यात गाठ आहे, दीड-दोन महिन्यांनी थायरॉईड तपासा. साध्या पेनानं, एक ओळ. जी मीही सांगू शकले असते. फॉर्म भरताना त्यांनी विचारलं होतं ना, 'आधीचे काही आजार?' मी ठामपणे म्हटलं होतं, काही नाही. बीपी नाही, शुगर नाही, एकदम निरोगी माणूस.

त्या काळात एकदा गावातली आशाताई मीठ तपासायला आली. दर थोड्या दिवसांनी ती येते, घराघरातलं चिमूटभर मीठ घेते, त्यावर बाटलीतला थेंब टाकते, आयोडीन असेल तर रंग चढतो. मी ओट्यावरच होते. आमच्या डब्यातलं हसऱ्या सूर्याच्या पाकिटाचं मीठ गर्द जांभळं झालं. ती खुश झाली. मी सहज म्हणून आईच्या लोणच्याच्या बरणीशेजारचं खडे मीठ आणून दिलं, त्यावर थेंब पडला तो तसाच, पाण्यासारखा. आईनं लगेच बाजू घेतली, लोणचं या मिठानंच टिकतं. घरात दोन मिठं, एक रंगणारं, एक न रंगणारं, आणि बाबांचं सगळं बालपण-तरुणपण त्या न रंगणाऱ्या मिठावर गेलेलं. पोत्यानं येणारं, पावसाळ्यात पाझरणारं. आयोडीन पहिल्यांदा सापडलं तेही जांभळ्या वाफेच्या रूपात, १८११ साली, फ्रान्समधे बंदुकीच्या दारूसाठी समुद्री शेवाळाची राख उकळवणाऱ्या एका कारखानदाराला. आशाताईला मी हे सांगितलं तर ती म्हणाली, "ताई, तुमी बँकेत कायले गेल्या, मास्तरीन व्हाचं होतं." आणि वहीत आमच्या घरापुढे बरोबरची खूण करून पुढच्या घरी गेली. बाबा आत झोपले होते. दुपारी झोप लागायला लागली होती त्यांना, हीच मोठी गोष्ट.

हळूहळू उतरलं सगळं. मार्चमधे बशी स्थिर झाली. पहिल्या दिवशी त्यांनी बशीतून फुर्रकन चहा ओढला, तेव्हा आम्ही सगळे काहीतरी काम असल्यासारखं दाखवत तिकडेच पाहत होतो. एप्रिलमधे वजन ५९. मेमधे अकोल्याचा पारा पंचेचाळिसाला टेकला आणि त्यांना उकडलं, आणि त्या उकडण्याचा मला इतका आनंद झाला की भाऊ माझ्याकडे विचित्र नजरेनं पाहायला लागला. सगळ्यांनाच उकडत होतं ना. गोळी वीसवरून दहा, दहावरून पाच मिलिग्रॅम झाली. गाठी आहेत तशाच आहेत. त्यांचं पुढे काय करायचं ते पावसाळ्यानंतर ठरवू म्हणाल्यात. पुन्हा कधी डायची वेळ आली तर आधी सांगायचं, हे आता कार्डावर लिहिलेलं आहे. मी स्वतः मॅडमकडून लिहून घेतलं, मोठ्या अक्षरात.

परवा आखाडातल्या झडीत मी गावी होते. तीन दिवस सूर्य नाही, भिंतींना ओल, वाळत घातलेल्या कपड्यांना कुबट वास. रात्री बाबांनी हाक मारली. "माय, पायाकडची गोधडी दे जरा. थंडी वाजून रायली." मी पटकन उठले. तीच गोधडी, आजीच्या लुगड्याची, पौषात भिरकावलेली. त्यांच्या अंगावर घातली, कडा खाली खोचल्या. बाबांना थंडी वाजते आहे! डोळे भरून आले, खरंच. आणि मग दिवा मालवता मालवता आठवलं, की गोळी जरा जास्त झाली तर ग्रंथी उलट्या बाजूला झुकते आणि माणसाला थंडी वाजते. आईकडे पाहिलं. ती जागीच होती. म्हणाली, "भाकर आज एकच खाल्ली."

झडीत एका भाकरीवर भागतं माणसाचं. झडीत सगळ्यांनाच थंडी वाजते. मी स्वतः शाल घेतलेली होती.

सकाळी पाऊस जरा उघडल्यावर त्यांना मोटरसायकलवर मागे बसवून तालुक्याला नेलं आणि टीएसएचसाठी रक्त दिलं. बाबा म्हणाले, कायले उगाच सुई. रिपोर्ट उद्या संध्याकाळी येणार आहे.